वायरवरचे इंटरनेट बंद पडल्यास: घरच्या संगणकातील दोष शोधण्याचा क्रम

संगणकाला लॅन केबल (राउटरपासून येणारी इंटरनेटची वायर) जोडलेली असूनही इंटरनेट चालत नसेल, तर बहुतेक घरांत तीन उपाय ठरलेले असतात. आधी राउटर बंद करून चालू केला जातो, मग त्याच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून तो ‘रीसेट’ केला जातो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर संगणक ‘फॉरमॅट’ करण्यासाठी दुकानात नेला जातो. यांतला पहिला उपाय निरुपद्रवी आहे, दुसरा बसलेली घडीही बिघडवणारा आहे आणि तिसऱ्याची या कामात क्वचितच गरज पडते. दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्याआधीच दुरुस्ती सुरू होते, ही यातली मुख्य चूक. संगणकातील लॅन पोर्ट (केबल लावण्याचे छिद्र), केबल, राउटर किंवा स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारी पेटी), संगणकाला मिळालेला नेटवर्कवरचा पत्ता आणि घराबाहेरची लाइन अशा मुख्यतः पाच जागी दोष असू शकतो. त्या पुढील टप्प्यांच्या क्रमाने तपासल्या, तर बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात निकाल लागतो.

पुढील सर्व टप्पे विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकासाठी लिहिले आहेत. आज्ञा आणि मेनूंची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी संगणकावर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप कराव्यात.

## तयारी

सर्वांत आधी एक दुसरी केबल मिळवावी. एक-दोन मीटरची, कारखान्यातच दोन्ही टोके बसवून आलेली केबल पुरते. दुकानदार तिला ‘पॅच कॉर्ड’ म्हणतात आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ती सहज मिळते. माळ्यावर पडलेली जुनी केबल ‘चांगलीच असेल’ असे गृहीत धरून वापरू नये. तुलनेसाठी घेतलेली केबल दुसऱ्या एखाद्या यंत्रावर चालताना आपण स्वतः पाहिलेली असली पाहिजे, अन्यथा एका संशयिताची साक्ष दुसऱ्या संशयितावरून काढल्यासारखे होते.

त्यानंतर राउटरच्या मागील बाजूचा फोटो काढावा. कोणती वायर कोणत्या छिद्रात होती, हे नंतर कितीही आठवले तरी खात्रीने आठवत नाही. ज्यांचे कनेक्शन वापरकर्तानाव आणि पासवर्ड टाकून चालते, म्हणजे ज्याला तंत्रज्ञ ‘पीपीपीओई’ म्हणतात ते ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती दोन्ही कागदावर लिहून हाताशी ठेवावीत. नसल्यास कंपनीकडून आधीच मागवून घ्यावीत.

बिघाड कधीपासून आहे हेही त्याच कागदावर लिहावे. दिवाळीची साफसफाई, रंगकाम किंवा टेबल हलवणे यानंतर सुरू झालेला दोष बहुधा केबलीत किंवा चुकीच्या छिद्रात सापडतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या कडकडाटानंतर सुरू झालेला दोष पोर्ट जळाल्याचा असू शकतो, विशेषतः जेथे गच्चीवरून तांब्याची लॅन केबल थेट घरात उतरवलेली आहे तेथे. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी काही भागांचा वीजपुरवठा बंद ठेवला जातो. अशा वेळी घरचा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण जिन्यातल्या पेटीतला स्विच सोसायटीच्या सामाईक मीटरवर असल्याने बंद असतो. तेव्हा जिन्यातला दिवा लागतो का हे आधी बघावे आणि लागत नसेल तर लाइट येईपर्यंत थांबावे.

शेवटची तयारी सर्वांत महत्त्वाची आहे. तपासणी चालू असेपर्यंत संगणकाचे वाय-फाय बंद ठेवावे आणि व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या यंत्रामार्फत वळवणारा प्रोग्राम) असल्यास तोही बंद करावा. वाय-फाय चालू राहिले, तर केबल मेलेली असतानाही पाने उघडत राहतात आणि आपल्याला वाटते की शेवटच्या उपायाने गुण आला.

इशारा: एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तपासून पाहावे. केबलही बदलली आणि राउटरही बंद-चालू केला, तर इंटरनेट सुरू झाले तरी कशामुळे झाले ते कळत नाही, आणि चार दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

## टप्पा १: दोष संगणकाचा की साऱ्या घराचा

फोनवरचा मोबाइल डेटा बंद करावा, फोन घरच्या वाय-फायला जोडावा आणि पूर्वी कधी न पाहिलेले एखादे पान उघडून पाहावे. डेटा बंद करण्याची पायरी सर्रास गाळली जाते. वाय-फायवर इंटरनेट नसल्याचे लक्षात येताच अनेक फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि आपण ‘फोनवर तर चालते आहे’ असा चुकीचा निष्कर्ष काढून बसतो.

फोनवरही काही उघडत नसेल, तर मधले टप्पे सोडून थेट टप्पा ८ वर जावे. फोनवर व्यवस्थित चालत असेल, तर बाहेरची लाइन निर्दोष ठरते आणि शोध राउटरच्या लॅन पोर्टपासून संगणकापर्यंतच्या पट्ट्यात करायचा उरतो. येथे एक बारकावा आहे: फोनवर चालते म्हणून राउटर पूर्ण निर्दोष ठरत नाही. त्याचे वाय-फाय चांगले असूनही चारांपैकी एक लॅन पोर्ट मृत असू शकतो.

## टप्पा २: पोर्टवरचे दिवे

लॅन केबलच्या दोन्ही टोकांना, म्हणजे संगणकाच्या पोर्टवर आणि राउटरच्या त्या क्रमांकाच्या पोर्टसमोर, बारीक दिवे असतात. डेस्कटॉपच्या मागे मान घालणे अवघड असेल, तर फोनचा कॅमेरा मागे धरून फोटो काढावा. दिव्याचा रंग हिरवा असावा की नारिंगी, हे उत्पादकागणिक बदलते. म्हणून रंगाच्या अर्थात गुंतू नये. दिवा लागतो का आणि माहितीची ये-जा चालू असताना लुकलुकतो का, इतकेच पाहावे. काही राउटरवर लॅनचे दिवे नसतात किंवा ते सेटिंगमधून बंद केलेले असतात. तेथे संगणकाकडचाच दिवा ग्राह्य धरावा.

दिवा नसेल, तर आधी केबल दोन्हीकडून काढून पुन्हा लावावी. नीट बसलेली केबल ‘टक्’ असा आवाज करते आणि हलके ओढल्यास बाहेर येत नाही. कनेक्टरची प्लॅस्टिकची पट्टी तुटलेली असेल, तर केबल बसल्यासारखी दिसते पण पंख्याच्या वाऱ्यानेही सैल होते. त्यावर चिकटपट्टी गुंडाळणे हा उपाय नव्हे. टोक कापून नवा कनेक्टर बसवावा.

केबल योग्य छिद्रात आहे ना, हेही येथेच पाहावे. राउटरवर एक पोर्ट बाहेरच्या लाइनसाठी असतो. त्यावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेले असते आणि बहुधा त्याचा रंग वेगळा असतो. साफसफाईनंतर संगणकाची वायर नेमकी त्याच छिद्रात जाते, दिवाही लागतो, आणि मग दोन दिवस विंडोजमध्ये दोष शोधला जातो. फायबरच्या यंत्रावर टेलिफोनसाठीही एक छिद्र असते. ते लॅन पोर्टपेक्षा अरुंद असते, त्यामुळे त्यात लॅन केबल कोंबू नये.

पडताळणी: दोन्ही टोकांना दिवा असल्यास टप्पा ४ वर जावे. एका किंवा दोन्ही टोकांना दिवा नसल्यास टप्पा ३ अटळ आहे.

## टप्पा ३: अदलाबदल करून केबल, पोर्ट आणि यंत्र तपासणे

सर्वाधिक दोष याच टप्प्यावर सापडतात आणि सर्वाधिक घाईही याच टप्प्यावर होते. क्रम असा ठेवावा.

1. केबल तीच ठेवून राउटरवरचा लॅन पोर्ट बदलावा आणि अर्धा मिनिट थांबावे. दिवा लागला, तर पहिला पोर्ट खराब आहे. त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून तो वापरातून काढावा.

2. पोर्ट बदलून उपयोग झाला नाही, तर केबल बदलावी. केबल भिंतीतून किंवा पट्टीतून गेलेली असेल, तर ती उपसण्याच्या भानगडीत पडू नये. त्याऐवजी संगणकच राउटरजवळ आणून तयारीत घेतलेल्या छोट्या केबलीने जोडावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण याइतका निर्णायक पुरावा दुसरा कोणताही नाही. जवळ आणल्यावर संगणक चालला, तर दोष भिंतीतल्या केबलीत किंवा तिच्या टोकांत आहे.

3. छोट्या केबलीनेही दिवा लागला नाही, तर त्याच केबलीला दुसरा लॅपटॉप जोडून पाहावा. लॅपटॉपवर दिवा लागला, तर दोष आपल्या संगणकाच्या पोर्टमध्ये किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये (पोर्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहे.

केबल दोषी ठरल्यास ती कुठे दुखावली आहे हे आधी नजरेने शोधावे. लोखंडी कपाटाच्या पायाखाली, दाराच्या बिजागरीत, खिडकीच्या चौकटीतून आत येते तेथे आणि सोसायटीच्या डक्टमध्ये ती सहसा मार खाते. डक्टमध्ये उंदीर वेष्टण कुरतडतात आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी शिरते. बाहेरून घरात येणारी केबल भिंतीच्या छिद्रापूर्वी खाली झोळ देऊन मग वर आणलेली नसेल, तर पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत थेट कनेक्टरपर्यंत पोहोचते.

केबल पूर्ण तुटली नसली तरी वेग का घसरतो, हे समजण्यासाठी तिच्या आतली रचना माहीत हवी. तिच्यात आठ तारा असून त्या दोन-दोनच्या चार पिळांत असतात. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीला यांतल्या दोनच जोड्या, म्हणजे कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा, लागतात. १००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिट जोडणीला चारही जोड्या लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली, तर जोडणी बहुधा बंद न पडता १०० मेगाबिटवर उतरते. अशा घरात प्लॅन २०० किंवा ३०० चा असूनही वेगचाचणी दर वेळी ९४ च्या आसपास आकडा दाखवते. माझ्या कोथरूडच्या घरी हाच आकडा येत होता आणि मी सेवा देणाऱ्या कंपनीशी दोन महिने वाद घातला. अखेर पुस्तकांचे कपाट सरकवले, तेव्हा त्याच्या पायाखाली चपटी झालेली केबल सापडली. कंपनीचे म्हणणे खरे होते. जोडणीचा वेग पाहण्यासाठी ‘सेटिंग्ज’, त्यात ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यात ‘इथरनेट’ उघडावे; तेथे ‘लिंक स्पीड’समोर १०००/१००० की १००/१०० हे लिहिलेले असते.

नवा कनेक्टर स्वतः बसवायचा असल्यास वेष्टण सोलल्यावर तारांचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नये. कनेक्टरची पट्टी आपल्यापासून दूर, पितळी दाते आपल्याकडे आणि केबल खालून आत येणारी असे धरल्यास डावीकडून रंग असे लागतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम ठेवावा. बाहेरचे जाड वेष्टण कनेक्टरच्या आत थोडे शिरलेले असावे, म्हणजे ओढ तारांवर न पडता वेष्टणावर पडते.

इशारा: रंग नुसते जोडीजोडीने ओळीत लावणे, म्हणजे नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची आणि मग तपकिरीची, ही चूक अनुभवी कारागीरही करतात. दोन्हीकडे क्रम सारखा असल्याने दिव्यांचा साधा टेस्टर अशी केबल ‘पास’ करतो. परंतु ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा वेगवेगळ्या पिळांतल्या येतात, त्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात आणि लांब केबलीवर जोडणी अडखळत राहते. टेस्टर फक्त तार सलग आहे एवढेच सांगतो.

नवी केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का हे विचारावे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वाकवल्यावर लवकर तुटते. घरासाठी ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ पुरेशी आहे; एका सलग केबलीची मर्यादा १०० मीटर असल्याने फ्लॅटमध्ये लांबीची चिंता नसते. ही केबल २३० व्होल्टच्या विजेच्या तारांबरोबर एकाच पाइपमधून मात्र नेऊ नये.

## टप्पा ४: संगणकाला स्वतःचा पोर्ट दिसतो का

‘स्टार्ट’च्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे आणि त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ पाहावे. लॅन कार्डच्या (लॅन पोर्ट चालवणाऱ्या भागाच्या) नावावर खाली जाणारा छोटा बाण असेल, तर ते बंद केलेले आहे. उजवी क्लिक करून ‘एनेबल’ करावे. पिवळे उद्गारचिन्ह असेल, तर ड्रायव्हरचा दोष आहे.

कार्डाचे नावच यादीत नसेल, तर एक साधा उपाय आधी करावा. संगणक ‘शट डाउन’ करून भिंतीवरचे बटण बंद करावे, वायर काढावी, पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे आणि मिनिटभराने पुन्हा जोडावे. संगणक बंद दिसत असतानाही लॅन कार्डाला थोडी वीज मिळत राहते, आणि अडकलेले कार्ड ती वीज तुटल्यावरच ताळ्यावर येते. एरवी मात्र ‘शट डाउन’ऐवजी ‘रिस्टार्ट’ निवडावे. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’मध्ये काही स्थिती साठवून ठेवली जाते आणि बिघाडही तिच्याबरोबर परत येतो.

ड्रायव्हर घ्यायचा असल्यास फोन यूएसबी वायरने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ने, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देऊन, इंटरनेट मिळवावे आणि मदरबोर्ड किंवा लॅपटॉपच्या उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून तो उतरवावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारे प्रोग्राम टाळावेत. पोर्ट जळालाच असेल, तर मदरबोर्ड बदलू नये. यूएसबीला लावण्याचा लॅन अडॅप्टर घ्यावा, फक्त तो यूएसबी ३ आणि गिगाबिट असल्याचे पाहून घ्यावा.

पडताळणी: पुढे जाण्यापूर्वी दोन्ही टोकांचे दिवे लागलेले आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड निर्दोष दिसत असले पाहिजे. हे दोन्ही जमेपर्यंत पुढच्या आज्ञा चालवण्यात अर्थ नाही.

## टप्पा ५: संगणकाला पत्ता मिळाला का

‘स्टार्ट’मध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडावी, ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा एकसलग लिहून एंटर दाबावे आणि ‘इथरनेट अडॅप्टर’ या मथळ्याखालचाच मजकूर वाचावा. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ (संगणकाचा पत्ता) आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ (राउटरचा पत्ता) या दोन ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात. निदान यांवरूनच होते.

‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असे आले, तर संगणकाच्या मते केबलच जोडलेली नाही. टप्पा ३ नीट झालेला नाही असे समजून मागे जावे.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तो राउटरने दिलेला नाही. राउटरकडून उत्तर न आल्यामुळे विंडोजने तो स्वतःच घेतला आहे. दिवा लागूनही असे होत असेल, तर केबल अर्धवट खराब असणे, ती भलत्याच पोर्टमध्ये असणे किंवा पत्ते वाटणारी राउटरमधली ‘डीएचसीपी’ ही सोय बंद असणे, ही कारणे याच क्रमाने तपासावीत. त्याआधी ‘आयपीकॉन्फिग’, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (वरचे टोक उजवीकडे झुकलेली) आणि ‘रिलीज’, आणि त्यानंतर त्याच पद्धतीने ‘रिन्यू’ अशा दोन आज्ञा चालवून पाहाव्यात.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो पण तरीही काही उघडत नाही, ही स्थिती सर्वांत फसवी असते. फोनच्या वाय-फायच्या तपशिलात त्याचा पत्ता आणि गेटवे पाहून ताडून पाहावा. फोनचा गेटवे १९२.१६८.१.१ आणि संगणकाचा १९२.१६८.०.१ असा वेगळा असेल, तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे कोणीतरी पूर्वी संगणकात पत्ता हाताने भरून ठेवला आहे. इथरनेटच्या सेटिंगमध्ये ‘आयपी असाइनमेंट’ या ओळीसमोर ‘ऑटोमॅटिक’ नसेल तर ते करावे. दुसरी शक्यता म्हणजे घरात पत्ते वाटणारी दोन यंत्रे आहेत: आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचावे म्हणून जुना राउटर त्याच्या लॅन पोर्टवरून जोडलेला असतो आणि त्याची ‘डीएचसीपी’ बंद करायची राहून गेलेली असते. मग ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता मिळतो, आणि बिघाड दर वेळी वेगळ्या यंत्रावर दिसतो.

इशारा: घरात छोटा स्विच असल्यास एकाच केबलीची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये गेलेली नाहीत ना, हे पाहावे. सुटे टोक दिसले म्हणून ‘व्यवस्थित’ लावून ठेवले जाते, संदेश गोल-गोल फिरत राहतात, स्विचचे सगळे दिवे एकदम वेगाने लुकलुकू लागतात आणि साऱ्या घराचे नेटवर्क बसते.

## टप्पा ६: पिंग, जवळून दूर

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का हे पाहणे. त्याच काळ्या खिडकीत ‘पिंग’ लिहून एक जागा सोडावी आणि पुढे क्रमाने तीन ठिकाणे तपासावीत. पुष्कळ ठिकाणी १२७.०.०.१ या पत्त्यापासून सुरुवात करायला सांगतात. परंतु ते उत्तर संगणक स्वतःलाच देतो आणि त्यावरून केबलीबद्दल काहीच कळत नाही, म्हणून मी ते गाळतो.

1. प्रथम गेटवेचा पत्ता. वायरवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवे. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आले आणि ते आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून आले, तर राउटरपर्यंत संदेश पोहोचतच नाही. टप्पा ३ आणि ५ पुन्हा पाहावेत.

2. त्यानंतर ८.८.८.८, हा घराबाहेरचा, गूगलचा पत्ता. गेटवेचे उत्तर येते पण याचे येत नाही, आणि फोनवर मात्र वाय-फायने सगळे चालते, असे असेल, तर राउटरमध्ये या संगणकावर ‘पॅरेंटल कंट्रोल’चे बंधन नाही ना, किंवा अर्धवट काढलेला अँटिव्हायरस अथवा व्हीपीएन मध्ये बसलेला नाही ना, हे तपासावे.

3. शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव. आकड्यांचे उत्तर येते पण ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ असा मजकूर नावाला येतो, तर नावाचा पत्ता शोधून देणारी ‘डीएनएस’ सेवा अडली आहे. ‘आयपीकॉन्फिग’पुढे जागा, तिरपी रेघ आणि ‘फ्लशडीएनएस’ ही आज्ञा चालवावी. तरीही न जमल्यास इथरनेटच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरावा.

तिन्ही पिंग उत्तम आणि तरीही ब्राउझरमध्ये पाने उघडत नसतील, तर दोष नेटवर्कचा नाही. ‘प्रॉक्सी’ (पाने मधल्या यंत्रामार्फत मागवण्याचे) सेटिंग बंद आहे का ते पाहावे. कार्यालयातून घरी आणलेल्या लॅपटॉपवर ती चालू असू शकते, पण तो लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर तेथील माणसाला विचारल्याशिवाय ती बदलू नये. नंतर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. जुन्या डेस्कटॉपमधला नाण्यासारखा सेल संपला, की लाइट गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतात. या सेलचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

## टप्पा ७: मधूनमधून तुटणारी जोडणी

हा दोष तंत्रज्ञासमोर कधीच दिसत नाही, म्हणून त्याची नोंद आपणच ठेवावी लागते. दोन काळ्या खिडक्या उघडून एकीत गेटवेला आणि दुसरीत ८.८.८.८ ला, पत्त्यानंतर जागा सोडून ‘उणे टी’ जोडून, पिंग चालू ठेवावा. तो कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत थांबत नाही. दोन्ही खिडक्यांत एकाच वेळी उत्तर तुटले, तर दोष घरातला आहे. फक्त दुसऱ्या खिडकीत तुटले, तर तो राउटरपलीकडचा आहे. पिंग चालू असताना केबल दोन्ही टोकांपाशी हलकेच हलवावी. त्या क्षणी उत्तर तुटले, तर कनेक्टर सैल आहे.

कनेक्टर निर्दोष असल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधील, वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘एनर्जी एफिशिएंट इथरनेट’ बंद करूनही काही संगणकांवर फरक पडतो. त्याच यादीतील ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ मात्र ‘ऑटो निगोशिएशन’वरच ठेवावे. एका टोकाला १०० ‘फुल डुप्लेक्स’ (एकाच वेळी दोन्ही दिशांनी ये-जा) हाताने ठरवले आणि दुसरे टोक ऑटोवर राहिले, तर दुसरे टोक ‘हाफ डुप्लेक्स’ (एका वेळी एकच दिशा) धरते. दिवा लागतो, पिंगही येतो, पण मोठी फाइल उतरवताना वेग मातीत जातो.

## टप्पा ८: राउटर आणि बाहेरची लाइन

राउटर आणि फायबरचे यंत्र वेगळे असल्यास दोन्ही बंद करावीत, अर्धा मिनिट थांबावे, आधी फायबरचे यंत्र चालू करून त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मगच राउटर चालू करावा. ‘एलओएस’ हा दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत येत नाही. घरात करण्यासारखे काही उरत नाही. ‘पीओएन’ दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला, तर यंत्राची कंपनीकडे नोंद पूर्ण होत नाही. दोन्ही दिवे ठीक असून ‘इंटरनेट’चा दिवा लाल किंवा बंद असेल, तर पासवर्ड, थकलेले बिल किंवा कंपनीची यंत्रणा यांपैकी काहीतरी आहे.

इशारा: फायबरचा हिरवा कनेक्टर काढून पुसू नये, त्याच्या टोकात डोकावू नये आणि बारीक पिवळी किंवा पांढरी वायर घट्ट गुंडाळू नये. बाहेरची लाइन तांब्याच्या केबलीची असेल, तर ती राउटरमधून काढून थेट संगणकाला जोडण्याचा प्रयोगही बहुधा फसतो. काही कंपन्या कनेक्शन राउटरच्या हार्डवेअर पत्त्याशी (यंत्राला कारखान्यातच दिलेल्या क्रमांकाशी) बांधतात, त्यामुळे संगणकावर न चालणे हा लाइन खराब असल्याचा पुरावा होत नाही.

विंडोजमधील ‘नेटवर्क रीसेट’ आणि राउटरच्या छिद्रातले रीसेट हे दोन्ही उपाय इतके मागे ठेवले आहेत, ते मुद्दाम. पहिल्याने जतन केलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी जाते. दुसऱ्याने पीपीपीओईचे नाव, पासवर्ड आणि राउटरमध्ये केलेली सारी मांडणी पुसली जाते, आणि मग एका संगणकाच्या दुखण्यापायी घरातले सगळे फोन बंद पडतात. तयारीत लिहिलेला कागद हाताशी नसेल, तर ते छिद्र विसरून जावे.

तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ असे मोघम सांगण्याऐवजी कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, गेटवेचा पिंग येतो का, ८.८.८.८ चा येतो का आणि जोडणी १०० ची आहे की १००० ची, हे चार तपशील द्यावेत. कंपनीचा माणूस घरी आल्यावर त्याने स्वतःच्या फोनवर वाय-फायची वेगचाचणी दाखवली, तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. वायरवरच्या संगणकाचे वाय-फाय बंद ठेवून तीच चाचणी आणि ‘लिंक स्पीड’चा आकडा त्याच्यासमोर पाहून घ्यावा आणि त्यानंतरच तक्रार बंद करण्याचा ओटीपी द्यावा.